चुकलेल्या आकड्याखालचं टिंब

आदरणीय सर,

तुम्हाला फोन करून आभार मानायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या तीन छोट्या लॅब. एकमेकींची सॅम्पल्स करून द्यायची, निकाल पीडीएफमधून पाठवायचे, आणि समोरच्या मुलीने ते आकडे पुन्हा हाताने टाइप करायचे. प्रत्येकीचं मशीन वेगळ्या कंपनीचं, त्यामुळे एकीची फाइल दुसरीकडे उघडत नाही. गेल्या वर्षी तर एकाच सॅम्पलवरून दोन लॅबमध्ये बोलणं बंद व्हायची वेळ आली. एकीचं उत्तर 10 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा), दुसरीचं 7.9. दोघी बरोबर होत्या! एकीने वजनावर मोजलं होतं, दुसरीने लिटरमागे मिलिग्रॅम, आणि द्रावक होता मेथॅनॉल, ज्याची घनता 0.79. रिपोर्टवर एककाचा रकानाच नव्हता.

मग ठरलं, तिघींचा मिळून एकच फॉरमॅट करायचा. मशीनवाल्या कंपनीचा माणूस दोनदा आला. आमच्या एफटीआयआरच्या, म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट काढणाऱ्या मशीनच्या, जुन्या फाइली त्याने उघडल्या, आत अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी दिसली, तर म्हणाला, "करप्ट आहेत मॅडम, नवीन सॉफ्टवेअर घ्या." कोटेशन मात्र त्याच संध्याकाळी आलं. एक सल्लागारही येऊन गेले. त्यांनी भिंतभर स्लाइडा दाखवल्या, सॅम्पल एकही पाहिलं नाही.

आणि मग तुम्ही आलात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला उतरून, भर उन्हात चालत. निवृत्त माणूस, आमच्याशी ना देणं ना घेणं.

तुम्ही ती "करप्ट" फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत. वरच्या, दोन हॅशने सुरू होणाऱ्या ओळी वाचल्यात आणि हसलात. "ही जेकॅम्प-डीएक्स आहे. वर्णपटाचे आकडे साध्या अक्षरांत लिहायची 1988 सालची पद्धत. हिला सॉफ्टवेअर कशाला, पेन्सिल द्या." मग स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलात आणि एका रद्दी क्रोमॅटोग्रामच्या (मशीनने छापलेल्या आलेखाच्या) पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागलात. ए म्हणजे 1, म्हणून ए00 म्हणजे 100. जे म्हणजे मागच्यापेक्षा 1 ने जास्त, के म्हणजे 2 ने. टी म्हणजे मागचंच दोनदा. जागा वाचवायची युक्ती, बस. त्या काळी डिस्कवर जागा कुठे होती!

"आता तुम्ही करा," म्हणालात. ओळ होती ए00जेकेटी. मी लिहिलं: 100, 101, 103, 103. पुढची ओळ ए05 ने सुरू होत होती, म्हणजे 105. जुळेना. आधीच्या ओळीचा शेवटचा आकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पडताळा म्हणून, हे तुम्ही सांगितलंच होतं.

सर, तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या दुसऱ्या 103 खाली पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. दोन मिनिटं गेली असतील. मग माझ्या डोक्यात शिरलं, की टीने आकडा नाही, फरक पुन्हा घ्यायचा. 105. मी मोठ्याने ओरडलेच. आमचा हेल्पर बीकर धुता धुता धावत आला.

अठरा वर्षं लॅबमध्ये काढलीत मी. चूक झाली की सगळ्यांसमोर वही आपटणारे साहेब पाहिलेत, आणि न विचारता हातातला माउस ओढून घेणारे तर रोजचेच. चूक दाखवून गप्प बसणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. त्या रात्री घरी हे सांगताना मला रडू का आलं, ते नवऱ्याला कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं.

पुढचं सगळं सोपं झालं. नवीन काही शोधायचं नाही, जगात आहे तेच वापरायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. इन्फ्रारेडच्या फाइलींना जेकॅम्प, क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या) फाइलींना नेटसीडीएफ हा फॉरमॅट, पुढेमागे जमलं तर एक्सएमएलवरचा ॲनिएमएल हा फॉरमॅट. आणि एककाचा रकाना रिकामा असेल तर फाइल घ्यायचीच नाही. हा शेवटचा नियम आता आमच्या मुली इतक्या कडकपणे पाळतात की मलाच परत पाठवतात.

मानधनाचं पाकीट तुम्ही टेबलावरच विसरून गेलात. विसरलात म्हणे! तो पाठकोरा कागद मात्र मी ठेवून घेतलाय, लॅमिनेट करून एफटीआयआरच्या वर लावलाय. परत मागू नका.

येत्या गुरुवारी घणसोलीची चौथी लॅब येतेय. त्यांच्या फाइलींत कुठे ॲब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला) आहे, कुठे ट्रान्समिटन्स (किती आरपार गेला), आणि कुठे काय आहे ते लिहिलेलंच नाही. वेळ असेल तर याल का? पेन्सिल टोक करून ठेवते.

तुमची,
रबाळ्याची लॅबवाली