घोडदळ होतंच, पण ‘करास’ही होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यातही बहुतेक बायका-मुलं, आपल्या शेजारी राहून गेली, हे आताच्या पोरांना कळायलाच हवं. एक वाक्य मात्र खटकलं : ‘1939 साली पोलंडकडे घोडदळाशिवाय काही नव्हतं, होती ती विमानं पहिल्याच दिवशी जमिनीवर जळाली.’ ही ऐकीव गोष्ट झाली. लढाऊ तुकड्या 1 सप्टेंबरच्या जर्मन हल्ल्याच्या आधीच आडवळणाच्या धावपट्ट्यांवर हलवलेल्या होत्या.

माझी उभी हयात उद्यमनगरात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा मोल्ड (साचा) पाडायचे नमुने, करण्यात गेली. त्यामुळे कुठलंही यंत्र बघितलं की ते घडलं कसं, हाच प्रश्न आधी पडतो. वॉर्साच्या पीझेडएल कारखान्याचं ‘करास’ विमान या बाबतीत नामी आहे. स्तानिस्लाव प्राऊस यांनी मुळात सहा प्रवाशांचं विमान आखलं होतं. ते कागदावरच राहिलं आणि त्याच आराखड्यातून टेहळणी व हलकी बॉम्बफेक अशी दोन्ही कामं करणारं लष्करी विमान निघालं. पहिला नमुना 1934 साली उडाला. वैमानिकाला पुढचं नीट दिसेना, म्हणून इंजिन खाली घेतलं. बॉम्बची पोटातली जागा रद्द करून ते पंखांखाली टांगले. मोल्डमधून नीट सुटेना म्हणून पॅटर्नवर पुन्हा पुन्हा रंधा मारावा, तसलंच हे काम.

पोटाखालची ती लांबट डबी तर फोटोत बघाच. तिघांपैकी एक जण तिच्यात उतरायचा, तिथून बॉम्बचा नेम धरायचा आणि खालून-मागून शत्रू आला की तिथलीच मशीनगन चालवायचा. एका माणसावर किती भार टाकायचा, याचा विचार कागदावर राहून जातो, हे आमच्या धंद्यातही बघितलंय.

पहिली 40 विमानं कमी ताकदीच्या इंजिनाची, ती मुख्यतः प्रशिक्षणाकडे गेली. पुढची 210 जास्त ताकदीच्या पेगासस इंजिनाची. 700 किलोपर्यंत बॉम्ब, वेग ताशी 319 किलोमीटर. इंजिन मूळचं ब्रिटिश ब्रिस्टलचं, पण परवान्यावर पोलंडमध्येच बनायचं. 1936 ला हे विमान चांगलंच होतं. पण 1939 चं जर्मन मेसरश्मिट साडेपाचशेच्या पुढं पळत होतं, आणि करासची चाकं तर आत मिटतही नव्हती. त्याची जागा घेणारं ‘सुम’ विमान नमुन्यापुढं सरकलं नाही. विमान वाईट नव्हतं, पुढचं वेळेत आलं नाही.

तरीही 2 सप्टेंबरला करासनंच जर्मन हद्दीत ओलाऊ इथं बॉम्ब टाकले. पुढं रणगाड्यांच्या रांगांवर भरदिवसा, कमी उंचीवरून हल्ले झाले आणि त्यात फार विमानं गेली.

आज जगात एकही अख्खं करास शिल्लक नाही. म्हणून सुचवतो, वळिवड्याच्या आठवणी जिथं मांडल्या जातात तिथं याचं एक मॉडेल ठेवावं. पंखांची लांबी 13.95 मीटर, म्हणजे एकास दहा प्रमाणात साधारण साडेचार फूट. सागवान माझं, मजुरी नको. काचेची पेटी आणि जागा तेवढी कुणीतरी द्यावी.

– एक निवृत्त पॅटर्नमेकर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर