दसुमि

प्रिय दत्त्या,

तिळगूळ घे, गोड बोल, शिव्या शेवटी दे. तुझे तीन फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजला चार दिवसांनी नुसते जोडलेले हात पाठवले, सगळं कबूल. माझी शुगर ठीक, गुडघा तसाच. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला माझ्या सदऱ्यावरचे डाग दिसायला लागलेत. तब्येतीचं एवढं पुरे.

पत्राचं कारण असं, की आपण व्हायरल झालोय. तू, मी अन् तो. तिघंही.

आपल्या पायऱ्यांच्या विहिरीतला, बारवेतला गाळ उपसायला तू पाच हजार पाठवलेस, तिथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. वालूरच्या लोकांनी त्यांची गोल जिन्याची बारव मोकळी केली, मग आपल्याच गावाला काय धाड भरली म्हणून पोरं मे महिनाभर राबली. गाळात फुटके रांजण निघाले, बोअरची एक जळकी मोटार निघाली, गणपतीचे तीन पाट निघाले आणि शाळेची घंटा निघाली. घंटा तिथं कशी गेली ते मी कुणाला सांगितलं नाही. हेडमास्तर वारले, पण तरी.

मग पावसाळ्यात बारव काठोकाठ भरली आणि आमच्या गण्यानं ड्रोन फिरवून रील टाकली. खाली ओळ काय, तर 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. म्हणलं, अरे, पन्नास वर्षांत दुसरं काही सुचलं नाही का आपल्याला? पण त्याच रीलनं गाव हलवलं. पहिल्या रविवारी चार गाड्या, दिवाळीनंतर पाराजवळ गाडी वळवायला जागा नाही. नकाशावर कुणीतरी बारवेची खूण टाकलीय, ती दीड किलोमीटर चुकून, बरोबर तुझ्या वावरात. तुझा बटईवाला पहिले दोन आठवडे कापसातून बाहेर येऊन 'मागं फिरा, मागं फिरा' करत होता. आता त्यानं आखाड्यापुढं टेबल टाकून चहा सुरू केलाय. गावातला खरा उद्योजक तो एकटाच. खूण दुरुस्त करू का म्हणून विचारलं तर म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या की सर, कुनाचं काय खाती ती?'

आता हिशेब ऐक, तुला हिशेबाशिवाय झोप येत नाही. एका रविवारी मी वही घेऊन मारुतीच्या ओट्यावर दिवसभर बसलो. एकतीस गाड्या. माणसं डबा घरून आणतात, पाणी कंपनीच्या बाटलीतलं, पेट्रोल जिंतुरात भरलेलं. वीस मिनिटं पायऱ्यांवर फोटो, की गाडी औंढ्याच्या वाटेला. गावात राहिलं काय, तर पार्किंगचे वीस वीस रुपये अन् रिकाम्या बाटल्यांचं पोतं. पार्किंग कुणाच्या भाच्याकडं आहे ते तू ओळखलंच असशील.

सरपंचाला वाटतं, व्ह्यूज वाढले की पैसा आपोआप येतो. अरे, वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा आहेत. तरी वेरूळला आलेला माणूस सकाळी कैलास बघतो, घृष्णेश्वराला हात जोडतो, दौलताबाद उरकतो अन् रात्री शहरातल्या हॉटेलात झोपतो. जिथं झोपतो तिथं पाकीट उघडतो. भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव केलं, तेव्हा पुस्तकं लोकांच्या घराघरांत ठेवली. त्यामुळं वाचायला आलेला माणूस कुणाच्या तरी ओसरीवर बसतो. बसला की चहा होतो, चहाचं जेवण होतं. हे मी ग्रामसभेत सांगितलं. एक जण म्हणाला, 'सर, आपल्या बारवेत पुस्तकं भिजतील.' मी खाली बसलो.

माणूस बसवायचा आपला उपाय शेवटी कमलनं काढला. हुरडा. बचत गटानं मारुतीमागच्या वावरात डिसेंबरभर आगटी पेटवली. गुळभेंडी जवारीची कणसं, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, वर भाकरी-पिठलं. माणशी अडीचशे. हुरड्याला माणूस दोन तास हलत नाही दत्त्या, आणि का हलत नाही ते मला तिथं बसून कळलं. हात राखेनं भरलेले असतात, फोन धरताच येत नाही. डिसेंबर संपला तेव्हा अकरा बायांना प्रत्येकी साडेतीन हजार सुटले होते. कापूस वेचणीला हात कमी पडले म्हणून दोन घरांत भांडणं झाली, तेही सांगतो. भाकरीला पाहुणे आता मिलेट म्हणतात. एकानं मायला विचारलं, 'आजी, हे मिलेट का?' माय म्हणाली, 'न्हाई बाबा, जवारी हाय. मिलेट मोठ्या गावाला मिळंल.'

सगळंच गोड नाही. बाया बारवेवर धुणं धुवायच्या, ते बंद झालं. डोक्यावर ड्रोन घोंगावत असताना कोण लुगडं पिळणार? ठेकेदाराला पायऱ्यांच्या फटी सिमेंटनं भरून वर रंगीत 'आय लव्ह' लावायचंय. दगडावर दगड, मधे चुन्याचं बोट नाही, तरी यादवांच्या काळापासून उभं आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी शाळेच्या भिंतीला तडा गेला, बारवेची एक पायरी हलली नाही. त्याला म्हणलं, सिमेंट कोंबलं की मागचं पाणी मागंच अडतं अन् दगड बाहेर ढकलतं. तो म्हणाला, 'सर, इस्टिमेट मंजूर हाय.'

बघ, मी मुद्द्यावर यायचं टाळतोय.

नोव्हेंबरात एक पोरगी आली पुण्याहून. हुशार, नम्र, चपला वर काढून खाली उतरली. बारवांचे व्हिडिओ करते. मी आपला मानद गाईड. एका वाटेची बारव ती नंदा, दोन वाटांची भद्रा, तिनाची जया, चाराची विजया, असं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. आपली भद्रा. मग उत्तरेच्या देवळीपाशी तिनं कॅमेरा थांबवला, मला म्हणाली, काका, जरा टॉर्च धरा. अन् मी धरला. माझ्या हातानं. भिंतीवर हातभर लांब 'द सु मि'.

ती म्हणाली, 'शेकडो वर्षांच्या दगडावर ज्यांनी हे कोरलं, त्यांना लाज वाटली पाहिजे.' आणि शेजारी उभा राहून मी मान हलवली. नुसती हलवली नाही, 'काय लोक असतात एकेक' असं बोललोही. आठ लाख लोकांनी माझी मान हललेली बघितलीय.

खालच्या प्रतिक्रिया वाच एकदा. निम्मे लोक आपल्या आयांपर्यंत पोचलेत. पण एका विद्वानानं लिहिलंय, की हा यादवकालीन शिलालेख असून 'दसुमि' हे बारव बांधणाऱ्या कारागिराचं नाव असावं. त्याला दोनशे लोकांनी दुजोरा दिलाय. मी जेवताना इतका हसलो, की कमलनं फोन ओढून घेतला. बघून म्हणाली, 'सु तुम्ही. द दत्ताभाऊजी. हा मि कोण? मीनाक्षी का?' बत्तीस वर्षांपूर्वीच्या मीनाक्षीचा माझ्या संसाराला आता हा ताप. ती तुझ्या मागं होती, माझ्या नाही, हे तूच एकदा फोन करून सांग.

हसण्यावारी नेलं असतं, पण त्याच दिवशी गंगाराममामा वरच्या कट्ट्यावर बसले होते. पोरीनं त्यांनाही विचारलं, आजोबा, या बारवेला दोन वाटा का? मी खालून ओरडलो, 'भद्रा, भद्रा.' मामा शांतपणे म्हणाले, 'दोन वाटा हायत्या बाई. आमाला एकबी न्हवती.' मग त्यांनी दाखवलं, चौथ्या पायरीपाशी कुठं उभं राहायचं, वरून कुणी घागरीत ओतेपर्यंत किती वेळ थांबायचं. तिनं सगळं टिपून घेतलं. व्हिडिओत त्यातलं एक अक्षर नाही. तिला विचारलं तर म्हणाली, 'काका, व्हिडिओ दीड मिनिटाचा होता.' तिला काय बोलणार? गेले सहा महिने मीही पाहुण्यांना तेच दीड मिनिट सांगत होतो. यादव सांगतो, कोनाडे सांगतो. चौथी पायरी सांगत नाही.

आज १४ जानेवारी. सकाळपासून बौद्धवाड्यातली पोरं निळे झेंडे लावून विद्यापीठाच्या गेटला गेली. मला ते १९९३ चे दिवस आठवत राहिले, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या नामविस्ताराच्या आधीचे तीन महिने. भूकंपाच्या भीतीनं गाव अंगणात झोपत होतं, कोण कुठं झोपलंय याचा पत्ता नव्हता. छिन्नी किशन मिस्त्रीची, कल्पना तुझी. तू म्हणतोस माझी, म्हण. 'आज कोण बघायलंय' म्हणून आपण 'मि'ला खाली नेलं. त्यानं आधी पाण्यात हात घातला अन् किती वेळ काढलाच नाही. मग स्वतःचं अक्षर स्वतः कोरायचं म्हणाला. 'मि'ची वेलांटी अर्धी झाली अन् वर तुझ्या आजोबांचा टॉर्च.

मी पळालो. तू पळाला नाहीस असं तू तीस वर्षं सांगतोयस. लेका, तू माझ्या पुढं होतास, तुझी निसटलेली चप्पल माझ्या पायात अडकली होती. शाळा उघडली तेव्हा तो हात गळ्यात बांधून आला आणि सरांना म्हणाला, भूकंपात पडलो.

त्याला मी व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी नुसता अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा, सांग तू.

आता अडचण बघ. ग्रामसभेनं ठराव केलाय, गावाची बदनामी होते म्हणून ग्राइंडर लावून ती अक्षरं घासून काढायची, महाशिवरात्रीच्या आत. त्या रात्री बारवेत दिवे लावायचेत, ठिकठिकाणी लावतात तसे, बाहेरून माणसं येणार. ठरावावर सूचक म्हणून सही कुणाची, तर माझी. सगळे माझ्याकडंच बघत होते गड्या. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, की घासलं तर बेसाल्टवर त्याहून मोठा पांढरा डाग पडेल, आधी जाणकाराला विचारू. तेवढ्यावर थांबलंय. पण डागाची काळजी हे माझं खरं कारण नाही, अन् ते तुला माहीत आहे. ती वेलांटी पुसली, की तो त्या पायऱ्या उतरला होता याचा पुरावा संपला.

गण्या गेला मामांकडं, पहिला दिवा तुम्ही लावा म्हणून. मामा म्हणाले, 'लावतो. पन बोलतो बी.' सरपंच घाबरलाय. पाहुण्यांपुढं जुनं कशाला उकरायचं, आत्ता कुठं धंदा लागतोय. कमलच्या गटातल्या दोघी तेच म्हणाल्या, अन् त्यांचे साडेतीन हजार मला दिसतात, त्यामुळं त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. कमल एवढंच म्हणाली, की कासच्या पठारावर फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा घातली, तरी लोक जायचे थांबले नाहीत. खरं ऐकून जी चार माणसं उठून जातील, ती हुरड्यालाही बसणार नाहीत. उदाहरण ओढूनताणून आहे, पण मला पटलं.

मामा बोलले, तर तुझ्या आजोबांचं नाव निघणार. म्हणून आधी तुला लिहितोय. मामांच्या मागोमाग उभं राहून अक्षरं कुणाची ते मी सांगणार आहे. मानही माझीच होती, म्हणून सांगेन. तुझी ना असेल, तर 'द' म्हणजे दशरथ, वारला, असं म्हणेन. एवढं खोटं तुझ्यासाठी चालवून घेईन. पण तू यावंस. 'मि'लाही कळवलंय. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

तुझं काय? धाकटीचं अॅडमिशन झालं का? वहिनींच्या बदलीचं मिटलं असेल. आणि वावर एका प्लॉटवाल्याला देतोयस म्हणे, इसारही घेतलास? २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणी करून आखाड्यावर पाहुण्यांसाठी खोल्या काढता येतात. निदान विकायच्या आधी एकदा बोल. नाहीतर बटईवाल्याचं हॉटेल बंद पाडल्याचं पाप तुझ्या माथी.

येताना अंधार पडायच्या आत ये. लोकेशन लावून येऊ नको, सरळ तुझ्याच कापसात नेऊन घालेल.

तुझा,
सुभ्या

ता. क. – चपला घट्ट पट्ट्याच्या घालून ये.