पायथ्याच्या निरीक्षक ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्याचे पाच महिने तुमच्या प्रत्येक पाळीत, तासाच्या ठोक्याला, आपण वायरलेसवर बोललो. ते बोलणे क्वचितच एका मिनिटापलीकडे गेले असेल. मी वरून वायुदाब, तापमान, वारा, दृश्यता आणि ढग यांचे आकडे सांगायचे, तुम्ही ते खाली उतरवून घ्यायचे, प्रत्येक आकडा मला परत वाचून दाखवायचा आणि शेवटी ‘मिळाले’ एवढे म्हणायचे, असा आपला क्रम होता. आभार मानण्याची सवड त्यात कधी मिळाली नाही. शिवाय शिखरावरच्या वेधशाळेत हिवाळा काढलेल्या माणसाचे कौतुक करायला लोक आपणहून येतात, छायाचित्रे मागतात, थंडी किती होती ते विचारतात. त्याचे आकडे खाली बसून ऐकणाऱ्या व्यक्तीची चौकशी मात्र कोणी करत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

पहिल्या पंधरवड्यातली ती पहाट तुम्हाला आठवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. रात्रभर ढगातच होतो. अशा ढगातले थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात आणि कशालाही टेकताच गोठतात, त्यामुळे कठड्यावर, दोरांवर, तापमापक ठेवायच्या स्टीव्हन्सन पेटीच्या झडपांवर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पांढऱ्या बर्फाची पिसे वाढलेली होती. (हा बर्फ वारा जिकडून येतो तिकडेच वाढतो, हे नव्या माणसाला पटायला दोन दिवस लागतात, मलाही लागले.) ती ब्रशने झाडण्यात माझी वेळ गेली. ओल्या तापमापकाचे (आर्द्रता काढण्यासाठी ज्याचा फुगा ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो, त्याचे) फडके कोरडे पडले आहे हे नोंदीच्या जेमतेम तीन मिनिटे आधी लक्षात आले, तेव्हा मी खोलीतले पाणी आणून ते भिजवले आणि शिकवल्याप्रमाणे श्वास रोखून, आधी दशांश आणि मग पूर्ण अंश अशा क्रमाने दोन्ही तापमापक वाचले. कोरडा उणे 9.2, ओला 0.0. हे आकडे मी तुम्हाला बिनदिक्कत सांगितले.

तुम्ही नेहमीप्रमाणे ते परत वाचले नाहीत. क्षणभर थांबून विचारलेत, “ओला कोरड्याच्या वर कसा?”

त्या प्रश्नात चढा सूर नव्हता, थट्टाही नव्हती. मला उत्तर देता येईना, तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात की फडक्यातले पाणी अजून गोठते आहे, ते गोठताना उष्णता सोडते, म्हणून सगळे गोठेपर्यंत पारा शून्यावर अडून बसतो. तुम्ही मला थांबायला आणि पुन्हा वाचायला सांगितलेत. मी वाऱ्याकडे पाठ करून पेटीशेजारी उभा राहिलो. बराच वेळ पारा हललाच नाही, आणि मग एकदम, कोणी हात सोडल्यासारखा, तो घसरू लागला आणि उणे 9.6 वर स्थिरावला. मी तो आकडा सांगितला, वाचल्याची खरी वेळही सांगितली, आणि तुम्ही ‘मिळाले’ म्हणालात.

त्यानंतरच्या एका निवांत रात्री बाकीचे तुम्ही समजावून सांगितलेत: हिवाळ्यात फडके पंधरा-वीस मिनिटे आधी भिजवावे, पाणी जवळजवळ बर्फाइतके गार असावे, पारा शून्याखाली उतरूनही पाणी गोठले नसेल तर बर्फाचा बारीक खडा फडक्याला टेकवावा, आणि मगच बर्फाचा तक्ता उघडावा, कारण पाण्यासाठीचा तक्ता आणि बर्फासाठीचा तक्ता आर्द्रतेचा वेगवेगळा आकडा देतात. प्रशिक्षणात हे माझ्या कानांवरून गेलेले होते. शिकलो मात्र त्या रात्री.

वाऱ्याच्या बाबतीतही तुम्ही मला एकदा असेच सावरले. मध्यरात्रीनंतर अ‍ॅनिमोमीटरचा, म्हणजे फिरत्या वाट्यांनी वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा दोन तासांत ताशी 90 किलोमीटरवरून 40 वर आला होता आणि वादळ ओसरले म्हणून मी खुशीत होतो. तुमच्याकडचा वायुदाब मात्र पडतच होता. माझाही पडतो आहे का, असे तुम्ही विचारलेत, पडत होता. मग तुम्ही म्हणालात, “कान काय सांगतात?” मी दिवा घेऊन दाराशी गेलो, तर दार उघडेना. वारा तेवढाच होता, किंबहुना वाढलेला होता; वाट्यांवर बर्फ चढून त्या जड झाल्या होत्या आणि बिचाऱ्या कशाबशा फिरत होत्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे कमरेला दोर बांधून आम्ही दोघे सहकारी मनोऱ्याच्या शिडीवर चढलो तेव्हा एका हाताने लाकडी हातोडी चालवणे आणि दुसऱ्याने शिडी धरणे, एवढ्यापलीकडे काही सुचत नव्हते. तापमान उणे 20 च्या आसपास होते. ताशी 60 किलोमीटरचा वारा असला तरी एवढ्या तापमानात उघड्या कातडीला उणे 36 ची थंडी लागते, आणि त्या रात्री वारा त्याहून बराच जास्त होता. तुम्ही विचारले नसते तर मी 40 हाच आकडा पाठवला असता, आणि त्या आकड्यावर विसंबून कोणी सकाळी वर यायला निघाला असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

शिखरावरचा आकडा एकटा फारसा काही सांगत नाही, हे मला तुमच्यामुळे कळले. तीन हजार मीटरवर वायुदाब सुमारे 700 हेक्टोपास्कल असतो. पण पायथ्याचा दाब त्याच क्षणी किती होता हे कळले, तरच मधल्या हवेच्या थराविषयी बोलता येते, तो थर गार आहे की उबदार, हे ताडता येते. स्कॉटलंडमध्ये 1881 सालच्या उन्हाळ्यात क्लेमंट रॅग हे गृहस्थ नोंदी घेण्यासाठी रोज 1345 मीटर उंचीच्या बेन नेव्हिसवर चढत असत आणि त्याबद्दल त्यांना स्कॉटिश हवामानशास्त्र संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या पत्नी त्याच सुमारास खाली फोर्ट विल्यममध्ये, जवळजवळ समुद्रसपाटीवर, नोंदी घेत होत्या. पुढे 1883 मध्ये त्या शिखरावर वेधशाळा उभी राहिली आणि 1904 पर्यंत चालली. हा इतिहास मी अनेकदा वाचला होता, पण त्या बाईंच्या नोंदवहीचा विचार पहिल्यांदा तुमच्याशी बोलू लागल्यावर आला.

आपल्या नोंदींमधला सर्वांत सुंदर दिवस मात्र आकड्यांनी उलटापालटा केलेला होता. तुमच्याकडे उणे 14, माझ्याकडे उणे 5. गार, जड हवा दरीत साचून बसली होती आणि तिच्यावर दाट धुके पसरले होते. मी वर स्वच्छ उन्हात उभा राहून क्षितिजापर्यंत पसरलेला ढगांचा पांढरा समुद्र पाहत होतो. एरवी आकाश दिसत नसल्याचा 9 हा सांकेतिक आकडा सांगण्याची पाळी माझी असे; त्या दिवशी मी ढग शून्य सांगितले आणि तुम्ही तुमचा 9 मला ऐकवलात. वरून कसे दिसते, असे तुम्ही संपूर्ण हिवाळ्यात त्या एकाच दिवशी विचारलेत. मी वर्णन करू लागलो आणि लक्षात आले की मला ते नीट करता येत नाही. ते राहूनच गेले.

जानेवारीत वायरलेस बंद पडले, तेव्हाचेही सांगायला हवे. जवळजवळ दोन दिवस खालचा एकही आवाज आला नाही. आम्ही तासातासाला नोंदी घेत राहिलो खऱ्या, पण तिसऱ्या पाळीनंतर असे वाटू लागले की एखादी नोंद चुकली तर कोणाला कळणार आहे? संपर्क जुळला तेव्हा पाळीवर तुम्हीच होतात. आम्ही ठीक आहोत ना, एवढे विचारून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आता पहिल्या तासापासून सांगा.” सगळे तास, एकेक आकडा, परत वाचून दाखवत तुम्ही उतरवून घेतलात. दोन नोंदी खरोखरच चुकलेल्या होत्या. त्या जागी अंदाजाने काही भरावे असे माझ्या मनात आले होते, हे आज कबूल करतो. तुमच्या आवाजापुढे ते जमले नाही; “घेतली नाही,” असे सांगितले आणि तुम्ही तसेच लिहिलेत.

वसंत ऋतू लागताच मी खाली उतरलो तेव्हा तुमची पाळी नव्हती आणि माझी गाडी थांबून राहणारी नव्हती. तुमच्या सहकाऱ्यांनी मला तुमचे टेबल दाखवले. मी त्यांच्या परवानगीने नोंदवही उघडली आणि त्या पहाटेचे पान शोधले. 0.0 या आकड्यावर सरळ, एकच रेघ होती, आकडा वाचता येईल अशी. वर तुमच्या बारीक अक्षरात उणे 9.6 आणि शेजारी वाचल्याची वेळ. चूक कोणाची, का झाली, याविषयी लिहायला त्या ओळीत पुरेशी जागा होती. शेऱ्याचा रकाना तुम्ही कोरा ठेवला होता.

आपला कृतज्ञ,
शिखरावरचा निरीक्षक