बर्फाची तारीखही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर सप्टेंबरात आर्क्टिकच्या बर्फाची बातमी येते. तुकड्यावर अंग चोरून उभे अस्वल आणि खाली ठरलेली ओळ: ‘हा बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढणार.’ सागरी बर्फ म्हणजे उणे १.८ अंशाला गोठलेले समुद्राचेच पाणी. तो आधीच तरंगत असतो; वितळला तरी पातळीत नगण्य फरक पडतो. पातळी वाढवतो तो ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ. वर्गात दाखवायचे तर दोन सारखे पेले घ्या. एकात भरपूर पाण्यात बर्फाचे खडे तरंगू द्या, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या दगडावर तेवढेच खडे ठेवा आणि दोन्हींवर पातळीची रेघ मारा. पहिल्या पेल्यात खडे तळाला टेकले तर प्रयोग फसतो. रेघ पक्क्या शाईची हवी, नाहीतर बाहेरून सुटणाऱ्या पाण्याने ती पुसली जाते.

तुम्ही छापता तो बर्फाचा ‘विस्तार’ही (बर्फाने व्यापलेले समुद्राचे क्षेत्र) जरा फसवा असतो. उपग्रहाच्या ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ दिसतो ती अख्खी चौकट धरली जाते, म्हणजे त्यात उघडे पाणीही मोजले जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा विस्तार सुमारे ३४ लाख चौ. किमीवर आला, १९७९ पासूनच्या नोंदींतला हा नीचांक. आकडा खरा, पण प्राण्यांचे गणित तारखांवर चालते. परभणीत पावसाने सरासरी गाठली म्हणून सोयाबीन पिकते का? शेंगा भरताना तीन आठवड्यांचा खंड पडला की सरासरी कागदावरच राहते.

कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमके हेच चालले आहे. तिथली अस्वले वर्षभराची चरबी वसंतात, बर्फावर जन्मलेली सीलची पिल्ले मारून साठवतात. उन्हाळ्यात बर्फ फुटला की किनाऱ्यावर यायचे आणि नोव्हेंबरात समुद्र गोठेपर्यंत जवळपास उपाशी राहायचे. १९८०च्या दशकाच्या तुलनेत हा उपास सुमारे तीन आठवड्यांनी लांबला आहे. किनाऱ्यावर बोरासारखी फळे, अंडी, मेलेले प्राणी मिळतात, पण अभ्यासलेल्या २० अस्वलांपैकी १९ अस्वलांचे वजन घटलेच, सरासरी दिवसाला एक किलोच्या आसपास. गाभण मादी तर नोव्हेंबरातही समुद्रावर परतत नाही, बिळातच राहते. तिचा उपास आठ महिन्यांपर्यंत जातो. चरबी कमी पडली की पिल्ले जगत नाहीत. २०१६ मध्ये इथे अंदाजे ८४२ अस्वले होती, २०२१ मध्ये ६१८. काही शेजारच्या भागात गेली असतील, सगळी मेली असे नाही.

दक्षिणेत एम्परर पेंग्विनचे वेळापत्रक याहून काटेकोर. किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर मे-जूनमध्ये अंडे, नर ते पायांवर साधारण ६५ दिवस सांभाळतो, आणि पिल्लांना पाणी न धरणारी पिसे डिसेंबरच्या सुमारास येतात. त्याआधी बर्फ फुटला तर पिल्लू बुडते किंवा थंडीने जाते. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या पाच वसाहतींपैकी चारांत असेच झाले, बहुधा एकही पिल्लू वाचले नाही. फेब्रुवारी २०२३ चा अंटार्क्टिकचा नीचांक, सुमारे १७.९ लाख चौ. किमी, सर्वत्र छापून आला. वसाहतींतली हानी मात्र त्याच्या काही महिने आधीच होऊन गेली होती.

उत्तरेतल्या वॉलरसची, म्हणजे लांब सुळ्यांच्या सीलसारख्या प्राण्याची, अडचण वेगळी, जागेची. तो उथळ तळाचे शिंपले खातो आणि मध्ये बर्फावर विसावतो. बर्फ खोल पाण्याकडे सरकला की सगळे किनारा गाठतात. २०१४ मध्ये अलास्कातील पॉइंट ले इथे सुमारे ३५ हजार वॉलरस जमले होते. एवढ्या गर्दीत विमानाच्या नुसत्या आवाजानेही चेंगराचेंगरी होते आणि पिल्ले तुडवली जातात.

तेव्हा विस्ताराच्या आकड्याशेजारी बर्फ कधी फुटला आणि कधी गोठला, हेही दोन ओळींत द्यावे. आणि अस्वल व पेंग्विन एकाच चित्रात घालू नयेत. एक उत्तरेचे, दुसरा दक्षिणेचा. मुले ते चित्र कापून वहीत चिकटवतात.

आपले,
भूगोलाचे शिक्षक, सेलू (जि. परभणी)