साहेब, स्पीड मोजता तसं अंतरही मोजा

माननीय परिवहन मंत्री महोदय यांस,

सप्रेम नमस्कार.

एका ट्रक ड्रायव्हरमुळे हे पत्र लिहायला बसलेय. त्याचं नाव मला माहीत नाही, चेहरा पण आरशातच काय तो दिसला.

संध्याकाळची वेळ होती, पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. मी 80-85 ने चालले होते, शेजारी बाबा, मागे दोन्ही मुलं गाढ झोपलेली. पुढच्या गाडीने एकदम करकचून ब्रेक मारला, रस्त्यात कुठल्यातरी टायरचा फाटलेला मोठा पट्टा पडला होता, मग मीही ब्रेक दाबला, आणि साहेब, अशा वेळी माणूस पुढे बघत नाही, आरशात बघतो, कारण मागच्या सीटवर मुलं असतात. आरशात ट्रक होता. लोड भरलेला. तो थांबला तेव्हा त्याच्या आणि माझ्या गाडीच्या मध्ये दोन गाड्या मावतील एवढी जागा शिल्लक होती.

त्याच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं मी त्या ट्रककडे अधूनमधून बघत होते. तो लांबच राहायचा. त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत कोणी ना कोणी गाडी घुसवायचं, दोन मिनिटांत दुसऱ्या लेनला निघून जायचं, आणि हा प्रत्येक वेळी ऍक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा मागे सरायचा. हॉर्न नाही, डिप्पर नाही, काही नाही. मला तेव्हा वाटलं की गाडीत काही बिघाड असेल. बिघाड नव्हता, तो अंतर ठेवत होता. आम्ही चौघं आज आहोत ते त्या अंतरामुळे. मी पार्किंग लाईट लावले, खिडकीतून हात केला, त्यानेही हात वर केला आणि गेला.

त्या दिवसापासून मी हायवेवर एकच गोष्ट बघत असते, कोण कोणाच्या किती मागे आहे. आणि साहेब, जे दिसतं ते भयानक आहे. 100 ने चाललेल्या गाडीच्या मागे दुसरी गाडी 10 मीटरवर. कधीकधी त्याहून कमी, इतकी खेटून की आरशात तिची नंबर प्लेटसुद्धा दिसत नाही. हे कोणी गुंड-मवाली करत नाहीत हो, घरी पाहुण्याला आधी पाणी विचारणारी चांगली माणसं करतात, ज्यांना रांगेत कोणी मागून ढकललं तर राग येईल तीच माणसं.

साधा हिशोब आहे. 100 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते. पुढच्याचे ब्रेक लाईट दिसून आपला पाय ब्रेकवर पोचायला साधारण एक सेकंद लागतो, थकलेल्या माणसाला जास्तच. म्हणजे 10 मीटरवर असलेल्याचा पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच ती 10 मीटर संपायला लागलेली असतात. गाडी पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकवर, 70-80 मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर कितीतरी जास्त. आणि स्पीड दुप्पट केला की नुसतं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे शाळेच्या विज्ञानात शिकवतात पण स्टिअरिंग हातात आलं की कोणाला आठवत नाही.

आता यातून मिळतं काय? मी बसून काढलं. 60 मीटर मागे राहण्याऐवजी 10 मीटरवर खेटलं तर माणूस 50 मीटर पुढे असतो. 100 च्या स्पीडला 50 मीटर म्हणजे 1.8 सेकंद. बस, एवढंच. पावणेदोन सेकंद आधी पोचायला माणसं स्वतःचा आणि पुढच्याच्या घरच्यांचा जीव पणाला लावतात.

सगळे म्हणतात की अंतर ठेवलं तर कोणीतरी मध्ये घुसतं. मी पण आधी हेच म्हणायचे. घुसतात, खरं आहे. पण एक घुसला की पुन्हा अंतर करायला जातात दोन-अडीच सेकंद. तासाभरात दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट गेलं नाही. त्या ट्रकवाल्याने हा हिशोब केला असेल नसेल, त्याला तो अंगवळणी होता. आपल्याला राग येतो तो वेळ जातो म्हणून नसतोच, कोणीतरी आपल्या पुढे गेलं याचा असतो. खरी गोम इथेच आहे, आणि नुसतं दंडाने हे सुटणार नाही हे मलाही कळतं, पण नियमावर बोट ठेवणारं कोणी नसेल तर सुटायची सुरुवात पण होणार नाही.

म्हणून मुख्य मागणी. हायवेवर आज कॅमेरा मुख्यतः स्पीड मोजतो. स्पीड मोजता येतो म्हणून तेवढाच गुन्हा अशी लोकांची समजूत झालीय. लिमिटच्या आत राहून पुढच्याच्या डिकीला खेटणारा स्वतःला नियमात चालणारा समजतो! दोन गाड्यांमधलं अंतर मोजता येत नाही असं नाही. जर्मनीत पोलीस हायवेवरच्या पुलांवरून कॅमेऱ्याने अंतर मोजतात आणि त्यावर दंड होतो. ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2013 पासून खेटून चालवणं आणि विनाकारण मधली लेन अडवून बसणं यासाठी पोलीस जागच्या जागी दंड करू शकतात. रस्ता वाहतुकीचा 1968 चा व्हिएन्ना करार आहे, त्यातही मागच्या गाडीने पुरेसं अंतर ठेवायचं असं स्पष्ट लिहिलंय. नियम कागदावर आहे, रस्त्यावर दिसत नाही एवढंच.

आणि दिसण्यावरून सांगते, 60 मीटर म्हणजे किती हे डोळ्याने कोणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून रस्त्यावर खुणा पाहिजेत. फ्रान्समध्ये हायवेच्या कडेला लांब लांब पट्टे रंगवलेले असतात आणि बोर्ड सांगतो की पुढच्या गाडीपर्यंत दोन पट्टे दिसले पाहिजेत, एकच दिसला तर धोका. ब्रिटनमध्ये काही मोटरवेवर लेनमध्येच बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात, दोन खुणांचं अंतर ठेवा असं लिहिलेलं असतं. लहान मुलालाही कळेल. मागे बसलेली मुलंच ओरडून सांगतील, आई एकच पट्टा दिसतोय. खुणा नसतील तिथे मी मोजते, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन', तेवढ्यात आपण खांबापाशी पोचलो तर जवळ आहोत. पावसात चारपर्यंत मोजायचं.

खेटण्याचा त्रास मागच्या लोकांना पण होतो, ते लांब असल्याने त्यांना कळत नाही इतकंच. जपानमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या, सगळ्यांना सांगितलं 30 च्या आसपास एकसारखं चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळात जाम झाला, कोणीतरी जरासा जवळ गेला, जरासा ब्रेक मारला, मागच्याने थोडा जास्त मारला, आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट्या दिशेने मागे मागे सरकत राहिली. हायवेवर आपण अर्धा तास अडकतो आणि पुढे जाऊन बघतो तर काहीच नसतं, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. कोणीतरी कट मारून घुसलेला कधीच पुढे निघून गेलेला असतो.

आता लाईटचं. माझे बाबा 69 वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं गाडी चालवली, एक साधा ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रात्रीची गाडी चालवणं सोडलं. समोरून येणाऱ्यांचे हाय बीम सहन होत नाहीत म्हणून. एका रात्री समोरच्याने डिप्पर दिलाच नाही, बाबांना काही सेकंद काही म्हणजे काही दिसलं नाही, आणि डोळे पुन्हा जुळले तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर होती. 80 च्या स्पीडला तीन सेकंदात जवळजवळ 67 मीटर जातो आपण, तेवढं अंतर ते आंधळ्यासारखे गेले. वय झालं की डोळ्यातल्या भिंगात प्रकाश विखुरतो आणि पुन्हा दिसायला लागायला वेळ जास्त लागतो, हा त्यांचा दोष नाही. घरी येऊन चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता अंधार पडल्यावर मला सांगू नका. मला त्या माणसाचा अजून राग आहे, एक बोट हलवायचं होतं त्याला फक्त.

यात पण नुसता स्वभाव नाहीये, माहिती नसणं पण आहे. कितीतरी लोकांना माहीत नसतं की मागे सामान आणि माणसं भरली की गाडीचं नाक वर होतं आणि साधा लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर छोटं चाक असतं, 0, 1, 2, 3 लिहिलेलं. मी दहा जणांना विचारलं, दोघांनाच माहीत होतं. आणि बाहेरून लावून घेतलेले ते पांढरेफटक एलईडी, त्यांचा अँगल तपासतं कोण? फिटनेसच्या वेळी हेडलाईटचा अँगल खरंच यंत्रावर बघा, शिक्का मारून सोडू नका. पुढच्या गाडीच्या मागे चालताना पण हाय बीम लावायचा नसतो हे तर जणू कोणी ऐकलेलंच नाही.

डिप्परचा अजून एक घोळ आहे. कोणी डिप्पर मारला की त्याचा अर्थ काय? 'तू जा' की 'मी येतोय, थांब'? दोन माणसं दोन अर्थ घेतात आणि मध्ये आपटतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये सरळ लिहिलंय की लाईटची उघडझाप फक्त 'मी इथे आहे' एवढंच सांगायला करा, बाकी काही सांगायला नाही. असं एक वाक्य आपण लायसन्सच्या परीक्षेत घालू शकतो की नाही?

कारण मूळ तिथेच आहे. लायसन्सच्या टेस्टला गाडी मागे घेता येते का, वळवता येते का बघतात. जोडरस्त्यावरून हायवेवर येताना स्पीड जुळवून कसं मिसळायचं, ओव्हरटेक झाला की लेन सोडून बाजूला कसं यायचं, एक लेन बंद असेल तर दोन्हीकडून एक-एक गाडी कशी सोडायची, हे कोणी विचारत नाही. जर्मनीत तर हे आळीपाळीने मिसळणं कायद्यातच आहे, लेन जिथे संपते तिथपर्यंत या आणि मग एकाआड एक. त्यामुळे घुसला-घुसला म्हणून भांडण होत नाही, प्रत्येकाला आपला नंबर माहीत असतो. तिथे अजून एक नियम आहे, गाड्या थांबायला लागल्या की ऍम्ब्युलन्स येवो न येवो, सगळ्यात डावीकडच्या लेनच्या गाड्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट मोकळी करून ठेवायची. सायरन ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, कारण तेव्हा सरकायला जागा उरलेली नसते. मला हा नियम फार आवडतो.

सौजन्य म्हणजे भर हायवेवर गाडी थांबवून दुसऱ्याला हाताने 'या या' करणं पण नव्हे हां, त्याने मागचा येऊन आदळतो. पुढच्याला कळेल असं वागणं, वेळेत इंडिकेटर देणं, एकदा दिलेली साईड पुन्हा न अडवणं, एवढंच मी म्हणतेय.

ट्रक आणि बसवाल्यांबद्दल एक बोलायचंय. त्यांना सगळे शिव्या देतात, पण रात्रभर न झोपलेल्या, माल वेळेत नाही पोचला तर पगार कापला जाणाऱ्या माणसाकडून धीर कुठून येणार? युरोपियन युनियनमध्ये 2006 च्या नियमाने साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती सक्तीची आहे आणि ती गाडीतल्या यंत्रात नोंदली जाते. दंड ड्रायव्हरला आणि घाई मालकाची, हे बदला.

आणि साहेब, राग मानू नका, पण तुमचा ताफा. मागून सायरन वाजवत, डिप्पर मारत, एकमेकांना खेटून सहा-सात गाड्या जातात, तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक तरुण ते बघतो आणि मोठा माणूस असाच चालवतो हे शिकतो. तातडी असेल तेव्हा जा, कोणी अडवणार नाही. पण उद्घाटनाला जाताना तुमच्या गाड्यांनी आपसात दोन सेकंद अंतर ठेवलं तर त्या एका दिवसात जेवढे लोक बघतील तेवढे कुठल्याही जाहिरातीने बघणार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे 2021 मध्ये जगात रस्त्यांवर सुमारे 11 लाख 90 हजार माणसं गेली. 5 ते 29 वयाच्या मुला-तरुणांचं मरण्याचं पहिलं कारण हेच आहे. माझी मागे झोपलेली मुलं त्याच वयातली आहेत.

परीक्षा बदलायला वेळ लागेल, कायद्याला त्याहून जास्त, मान्य आहे. पट्टे रंगवायला नाही लागणार. सगळ्यात जास्त अपघात होतात असा एक तुकडा निवडा, पाच किलोमीटरचा का होईना, तिथे अंतराच्या खुणा आणि बोर्ड लावा, पुलावर एक कॅमेरा बसवा, सहा महिने मोजा आणि काय निघालं ते आकडे सगळ्यांना दाखवा. कुठला तुकडा निवडला आणि काम कधी सुरू होणार एवढं दोन ओळीत कळवलंत तरी चालेल, मी वाट बघतेय.

आपली,
17 वर्षं हायवेवर गाडी चालवणारी एक आई