रिक्षावाल्या काकांना, शड्डूसह

काका,

गेल्या जूनमध्ये आम्ही कोल्हापूर सोडून पुण्यात आलो आणि लेक नव्या शाळेत तिसरीत बसली. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात "मी जेवलो" म्हणाली आणि पोरं खदाखदा हसली. आमच्याकडे मुली सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पण आठ वर्षांच्या पोरीने ते कुणाकुणाला सांगत बसायचं? तिने बोलणंच टाकलं. सकाळी तुमची रिक्षा गल्लीत वळली की तिच्या पोटात दुखायला लागायचं.

तुम्ही तिला एकदाही "बोल ना गं" म्हणाला नाहीत, त्याचे आधी आभार. "गाव कुठलं?" एवढंच विचारलंत. कोल्हापूर म्हटल्यावर म्हणालात, "मग शड्डू येत असणार!" तिने दप्तर खाली टाकलं आणि मांडीवर अशी थाप मारली की वॉचमन वळून बघायला लागला. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ पासूनचं; तिथे आजोबांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिलेली पोर ती. तिला शड्डू शिकवावा लागत नाही.

तिथून तुमचं दोघांचं ते हस्तांदोलन सुरू झालं. आधी टाळी. मग मूठ आवळून ॲक्सिलरेटर पिळायचा. मग एकमेकांचा तळहात दाबून पोंगा वाजवायचा, आवाज अर्थातच तोंडाने. आणि शेवटी शड्डू. चार क्रिया, त्यात दोन तुमच्या रिक्षाच्या, एक तिची, आणि टाळी कुणालाही जमेल अशी. पहिले दोन दिवस सावकाश, मग वेग. चुकलं की पुन्हा टाळीपासून. मी बाल्कनीतून बघायचे. तुम्ही मुद्दाम चुकायचात, हे मला कळत होतं. तिला अजून कळलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही.

रिक्षातल्या प्रत्येक पोराचं वेगळं आहे म्हणे. चष्मेवाल्याच्यात चष्मा पुसायचा, रोज उशीर करणारीच्यात मनगटावरचं नसलेलं घड्याळ बघायचं.

अमेरिकेत शार्लट शहरातल्या बॅरी व्हाइट ज्युनियर या शिक्षकांचा व्हिडिओ २०१७ मध्ये खूप गाजला होता. त्यात वर्गाच्या दारात ते प्रत्येक मुलाशी वेगळ्या पद्धतीने हात मिळवतात. मी तुम्हाला तो दाखवला, तर तुम्ही म्हणालात, "त्यांचं बरंय ताई, मागे कुणी हॉर्न मारत नाही."

दिवाळीनंतर कधीतरी पोटदुखी थांबली, नक्की कधी ते लक्षातही आलं नाही. परवा खाली खेळताना ती "मी आलो!" असं ओरडत जिना उतरली. पाठोपाठ दोन पुणेरी मुलीही "आलो, आलो" करत धावल्या.

मला ते तुमचं हस्तांदोलन शिकायचं होतं. साफ नाही म्हणाली. "ते काकांचं आणि माझं आहे." माझ्यासाठी तिने नवीन बनवलंय: टाळी, लाटणं फिरवायचं, फुंकर मारून पोळी फुगवायची. शड्डू मात्र मिळाला. पोंगा मागितला, तर म्हणाली, तुझ्याकडे रिक्षा कुठंय?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई