माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेत कोणते सूर हवेत?

महोदय,
मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे चुलते नुकतेच वारले. अंत्ययात्रेत कोणीतरी ट्रॅक्टरवर भलेमोठे कर्णे बांधून चित्रपटांतली देशभक्तीची गाणी इतक्या जोरात लावली, की शेजारून चालणाऱ्या भजनी मंडळाच्या हातांतले टाळ नुसते हलताना दिसत होते. हेतू चांगलाच होता. पण गोंगाटाने उभारी येत नाही. लष्करी मानवंदनेत बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, मग स्तब्धता पाळली जाते आणि त्यानंतर ‘राउज’चे जागे करणारे सूर उमटतात, दिवस मावळला आणि पुन्हा उजाडले, एवढे सांगायला एक वाद्य पुरते. आपल्याकडे तेच काम तुकोबांचे निरोपाचे अभंग पखवाजाच्या ठेक्यावर करतात, आणि चुलत्यांना तर ते तोंडपाठ होते. म्हणून गाणी कोणती, हे उत्साही कार्यकर्त्यांनी नव्हे, तर घरच्यांनी आणि पलटणीतल्या सोबत्यांनी ठरवावे. स्मशानात कर्णे बंद झाल्यावर एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने अभंग धरला, तेव्हा सावधान उभे असलेले दोन माजी जवान त्याच्यामागून गाऊ लागले.

– एक वाचक, सातारा